टॅली दुकानात, लॅपटॉप घरी: मधला रस्ता आपल्या ताब्यात हवा



कमांड कुठली टाइप करायची ते व्हिडिओत स्क्रीनवर दिसतं. त्या कमांडमागे काय चाललंय आणि माझं कुठे कुठे अडलं, ते निवांत सांगायला इथे जागा आहे. म्हणून चहा घेऊन बसा.

आधी माझी गोष्ट, कारण ती घडली नसती तर मी या भानगडीत पडलोच नसतो. मी कॉम्प्युटर इंजिनियर नाही. बीबीए केलं आणि सांगलीत पीव्हीसी पाईप, फिटिंग आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान चालवतो. लॉकडाउनमध्ये आमच्या अकाउंटंट ताई विट्याला घरी अडकल्या. टॅली दुकानातल्या पीसीवर. ओळखीच्या एका मुलाला बोलावलं. त्याने राउटरमध्ये काहीतरी केलं, ताईंच्या लॅपटॉपवर एक आयपी टाकला, आणि दहा मिनिटांत दुकानातला स्क्रीन विट्यात दिसायला लागला. "झालं दादा," म्हणाला. मी खूश. वर्षभर मस्त चाललं.

१८ ऑक्टोबर २०२१, सोमवार. सकाळी शटर उघडलं, पीसी चालू केला, आणि टॅलीचा डेटा दिसेना. सगळ्या फाईलींच्या नावापुढे भलतंच शेपूट लागलेलं. डेस्कटॉपवर एक टेक्स्ट फाईल: तुमचा डेटा कुलूपबंद आहे, पैसे भरा, चावी घ्या. बॅकअपची हार्ड डिस्क? ती त्याच पीसीला चोवीस तास लावलेली. तिच्यातलंही सगळं गेलं. आणि थ्री-बी भरायची शेवटची तारीख २०.

पैसे आम्ही दिले नाहीत. गणपतीच्या आधी सीएंकडे एका कामासाठी पेनड्राइव्हवर डेटा दिला होता, तो निघाला. त्यापुढची जवळजवळ दीड महिन्याची बिलं ताईंनी आणि मी कार्बन कॉपीवरून, पार्ट्यांना फोन करकरून पुन्हा टाकली. खरेदीची बाजू जीएसटी पोर्टलवरच्या टू-बीवरून बरीचशी जुळली. उधारीची मात्र नाही. ज्यांनी रोख देऊन खात्यात जमा करायला सांगितलं होतं, त्यांच्याशी "दिले की हो", "नाही हो दिसत" असं दिवाळीपर्यंत चाललं होतं. दोन जुनी गिऱ्हाइकं त्यात तुटली, ती तुटलीच.

दार कुठलं उघडं होतं?

त्या मुलाने राउटरमध्ये ३३८९ नंबरचा पोर्ट फॉरवर्ड केला होता. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा हा ठरलेला पोर्ट. म्हणजे माझ्या पीसीची लॉगिन स्क्रीन अख्ख्या जगासाठी रस्त्यावर मांडली होती. जगभर असे प्रोग्राम अहोरात्र फिरत असतात, जे एकेक आयपी घेऊन ३३८९ उघडा आहे का बघतात आणि सापडला की पासवर्ड लावत बसतात. नंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पाहिलं तर ४६२५ नंबरच्या नोंदींची रांगच होती. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन. आणि माझा पासवर्ड काय? दुकानाचं नाव आणि पुढे १२३. हसू नका, तुमचा आठवा.

पासवर्ड अवघड ठेवला असता तर वाचलो असतो का? कदाचित तेव्हा. पण मे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टला याच रिमोट डेस्कटॉपमधल्या 'ब्लूकीप' नावाच्या भोकासाठी तातडीचं अपडेट काढावं लागलं होतं, अगदी सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा. त्या भोकातून आत यायला पासवर्ड लागतच नव्हता. म्हणून कुलूप मोठं करून भागत नाही. दार रस्त्यावर असताच कामा नये.

पोर्टचा नंबर ३३८९ चा बदलून दुसरा ठेवला तर? हे मला दर बॅचला कोणीतरी विचारतं. दुकानाची पाटी काढली म्हणून चोराला शटर दिसायचं राहत नाही.

व्हीपीएन म्हणजे इथे नेमकं काय

मोबाइलवर जाहिराती येतात ते 'लोकेशन बदला'वालं व्हीपीएन वेगळं. तिथे तुमचा ट्रॅफिक त्या कंपनीच्या सर्व्हरवरून जातो. आपल्याला हवाय तो आपल्याच दुकानातला सर्व्हर, ज्याच्याशी फक्त आपलेच लॅपटॉप बोलतील, तेही कुलूपबंद नळीतून. पाईपवाल्याच्या भाषेत, विट्यापासून सांगलीपर्यंत स्वतःची लाईन टाकायची, मधे कुठे टी नाही, नळ नाही.

काही जण घाबरून विचारतात, "सर, व्हीपीएनवर सरकारचे नियम आलेत ना?" आलेत. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने निर्देश काढले, त्यात व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची असं आहे. पण सर्ट-इनने नंतर दिलेल्या खुलाशातच स्पष्ट आहे की हे सर्वसामान्य ग्राहकांना सेवा विकणाऱ्यांसाठी आहे, कंपनीने स्वतःच्या कामासाठी चालवलेल्या व्हीपीएनसाठी नाही. त्याच निर्देशांतली दुसरी गोष्ट लक्षात ठेवा: सायबर हल्ला झाला तर कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायचं आहे. मी २०२१ मध्ये कुठेच कळवलं नव्हतं, लाज वाटली म्हणून.

मी वापरतो ते वायरगार्ड. फुकट आहे, मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, आणि विंडोजसाठी त्याचं छोटंसं अॅप मिळतं. मला त्याची आवडलेली गोष्ट अशी, की ज्याच्याकडे बरोबर चावी नाही त्याला ते उत्तरच देत नाही. "चुकीचा पासवर्ड" असंही म्हणत नाही. बाहेरून शोधणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही.

सुरू करण्याआधी दोन तपासण्या

या दोन्ही मी केल्या नव्हत्या आणि त्यात माझा पूर्ण आठवडा गेला. म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

पहिली: तुमच्या दुकानाच्या इंटरनेटला स्वतःचा पत्ता आहे का? राउटरच्या पानावर जाऊन 'वॅन आयपी' बघा. मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं शोधून तो आकडा बघा. दोन्ही सारखे असतील तर उत्तम. वेगळे असतील, विशेषतः राउटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ यामध्ये सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे कंपनीने एकच पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलाय. अपार्टमेंटचा पत्ता आहे पण फ्लॅट नंबर नाही, मग कुरिअरवाला तुमच्यापर्यंत येणार कसा? अशा वेळी राउटरमध्ये किती का पोर्ट फॉरवर्ड करा, काही होत नाही. मी तीन संध्याकाळी तेच करत बसलो होतो. उपाय म्हणजे इंटरनेट देणाऱ्याकडे स्टॅटिक आयपी मागणे. वर्षाचं वेगळं भाडं पडतं, काही जण फक्त बिझनेस प्लॅनवरच देतात. नाही म्हणाले तर मुंबईतल्या डेटा सेंटरमधला एक छोटा भाड्याचा सर्व्हर घ्यायचा, आणि दुकान आणि लॅपटॉप दोघांनीही बाहेर जाऊन त्याला भेटायचं. आमच्या कुपवाडच्या गोडाऊनला मी तसंच केलंय. टेलस्केल नावाची सेवाही वायरगार्डवरच चालते आणि ही सीजीनॅटची कटकट स्वतः सोडवते. दोन-तीन लॅपटॉप असतील तर तीही बघा, फक्त तिथे कोणाला आत घ्यायचं याचा हिशेब दुसऱ्या कंपनीच्या खात्यात राहतो.

आयपी खरा आहे पण रोज बदलतो, असंही असतं. मग डायनॅमिक डीएनएस लावून त्याला एक नाव द्यायचं. यात एक गंमत आहे. वायरगार्ड ते नाव फक्त नळी सुरू करताना विचारतो. दुपारी राउटर रीस्टार्ट होऊन पत्ता बदलला तर ताईंचा लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. अॅपमध्ये एकदा बंद करून चालू केलं की झालं. हे ताईंना आधी सांगितलं तर दिवसातले चार फोन वाचतात.

दुसरी तपासणी: दुकानातल्या नेटवर्कचे आकडे. दुकानात सगळी उपकरणं १९२.१६८.१ च्या मालिकेत होती. ताईंच्या घरचा राउटरही तोच, १९२.१६८.१. आता ताईंचा लॅपटॉप १९२.१६८.१.१० शोधतो तेव्हा त्याला वाटतं, हा तर इथलाच, घरातला. तो दुकानाकडे वळतच नाही. नळी चालू, दिवा हिरवा, आणि टॅलीचा पीसी सापडत नाही. मला तर भूतबाधा वाटली होती. म्हणून सगळ्यात आधी दुकानाची मालिका अशी ठेवा जी कोणाच्या घरी सहसा नसते. मी १९२.१६८.४७ घेतली. पण हे काम गिऱ्हाईक काउंटरवर असताना करू नका. आयपी बदलला की बिलाचा प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि दुसऱ्या पीसीवरची टॅली, सगळं एकदम रुसतं. साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरा.

मांडणी

एक जुना पीसी घेतला, त्यावर उबंटू टाकलं, वायरगार्ड टाकलं. रास्पबेरी पाय चालतो, आणि तुमच्याकडे राउटर-ओएस ७ वर चालणारा मिक्रोटिक राउटर असेल तर वायरगार्ड त्यातच आहे, वेगळा डबाच नको. (आकडे इथे मराठीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायचे.)

डब्याला दुकानात १९२.१६८.४७.५ हा कायमचा पत्ता. टॅलीचा पीसी ४७.१०. नळीच्या आतलं जग वेगळं, तिथे १०.६६.० ची मालिका: डबा १०.६६.०.१, ताईंचा लॅपटॉप १०.६६.०.११, सेल्सच्या पोराचा १०.६६.०.१२. राउटरमध्ये फक्त एकच पोर्ट पुढे पाठवायचा, यूडीपी ५१८२०, तोही या डब्याकडे. आणि ३३८९ चं जुनं फॉरवर्डिंग काढून टाका! व्हीपीएन बसवलं आणि जुनं दार तसंच उघडं, असे दोन दुकानदार मला भेटलेत.

चाव्या जोडीने असतात. एक खाजगी, एक सार्वजनिक. विंडोजच्या अॅपमध्ये 'रिकामी टनेल जोडा' असा पर्याय निवडला की लॅपटॉपवरच जोडी तयार होते. ताई मला फक्त सार्वजनिक चावी पाठवतात, ती व्हॉट्सअॅपवर आली तरी बिघडत नाही. खाजगी चावी त्या लॅपटॉपमधून बाहेर येतच नाही. बरेच जण सर्व्हरवर पूर्ण फाईल बनवून ती व्हॉट्सअॅपवर टाकतात. सोपं पडतं, मान्य. पण ती फाईल म्हणजे दुकानाची किल्ली आहे आणि ती आता दोन मोबाइलमध्ये आणि त्यांच्या बॅकअपमध्ये पडून राहणार. आणि एका लॅपटॉपला एकच चावी. तिघांना मिळून एक, असं करायचं नाही. एकच नळीतला पत्ता दोन लॅपटॉपना दिला तर वायरगार्ड तक्रारही करत नाही, शेवटच्याला तो पत्ता देतो आणि पहिला मुकाट्याने बंद पडतो.

लॅपटॉपवर 'अलाउड आयपीज' नावाची ओळ असते. कुठल्या पत्त्यांसाठी नळी वापरायची, ते ती ठरवते. बऱ्याच तयार नमुन्यांत तिथे सगळं शून्य असतं, म्हणजे लॅपटॉपचं सगळं इंटरनेट दुकानातून. मग ताईंच्या मुलाचं यूट्यूबही सांगलीहून फिरून जातं आणि इकडे काउंटरवर यूपीआयचा साउंडबॉक्स गप्प. मी तिथे फक्त नळीची मालिका आणि टॅलीच्या पीसीचा एक पत्ता लिहितो.

पण ती ओळ लॅपटॉपवर आहे, आणि लॅपटॉपवरची ओळ कोणीही बदलू शकतं. खरं बंधन डब्याच्या फायरवॉलमध्ये घालायचं: नळीतून येणाऱ्याला फक्त ४७.१० च्या ३३८९ ला जाऊ द्यायचं, बाकी सगळं बंद. डीव्हीआर नाही, प्रिंटर नाही, शेअर केलेलं फोल्डर नाही. का? व्हीपीएन रस्ता सुरक्षित करतो, गाडी नाही. ताईंच्या लॅपटॉपवर शाळेचा अभ्यास, गेम, कुठून कुठून आलेले पेनड्राइव्ह, सगळं चालतं. तिथे काही शिरलं तर ते याच नळीतून दुकानात यायला बघणार. मे २०१७ मधला वॉनाक्राय विंडोजच्या फाईल शेअरिंगच्या ४४५ पोर्टवरूनच एका पीसीवरून दुसऱ्यावर पसरला होता.

आणखी एक अडचण येतेच. टॅलीच्या पीसीला १०.६६.० हा प्रकार माहीतच नाही, तो उत्तर राउटरकडे पाठवतो आणि ते हरवतं. एकतर राउटरमध्ये त्या मालिकेचा रस्ता लिहायचा, नाहीतर डब्याला सांगायचं की आत जाताना स्वतःच्या नावाने जा. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये पहिली सोय नव्हती, म्हणून मी दुसरी केली. डब्याला पाकिटं पुढे पाठवायची परवानगी, ज्याला आयपी फॉरवर्डिंग म्हणतात, ती चालू करायला विसरू नका.

टॅली नळीतून कशी उघडायची

इथे माझं मत ठाम आहे. टॅलीचं डेटा फोल्डर शेअर करून ते घरच्या लॅपटॉपच्या टॅलीत उघडू नका. एकेक व्हाउचरसाठी फाईलींची ये-जा होते, कासवासारखं चालतं, आणि मधेच विट्याची लाईट गेली तर डेटा खराब व्हायची भीती. व्हीपीएनच्या आतून रिमोट डेस्कटॉप वापरा. टॅली दुकानातच चालते, घरी फक्त चित्र येतं. कनेक्शन तुटलं तरी दुकानातली टॅली आहे तिथेच उभी असते.

त्यासाठी दुकानातल्या पीसीवर विंडोजची प्रो आवृत्ती लागते. होम आवृत्ती असा रिमोट डेस्कटॉप देत नाही. आणि प्रोमध्येही एका वेळी एकच माणूस. ताई आत आल्या की दुकानातला स्क्रीन लॉक होतो. आमच्याकडे यावरून चांगलीच जुंपली होती, कारण काउंटरचं बिलिंग त्याच पीसीवर होतं. शेवटी ताईंसाठी वेगळा पीसी ठेवला, टॅली मल्टी-यूजर केली, आणि नळीतली परवानगी त्या पीसीपुरतीच केली. विंडोजची फाईल बदलून दोघांना एकदम आत घेणारे जुगाड फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. दोघांना खरोखर एकदम हवं असेल तर विंडोज सर्व्हर आणि त्याची लायसन्स, तो खर्च वेगळा. टॅलीची स्वतःचीही रिमोटची सोय आहे, टीएसएस चालू असेल तर. फक्त रिपोर्ट बघायचे असतील तर आधी ती वापरून बघा.

बिघाड शोधताना

टेस्ट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करा. दुकानाच्याच वायफायवरून दुकानाच्या बाहेरच्या पत्त्यावर जायला बरेच राउटर देत नाहीत, आणि तुम्ही चालणारी सिस्टीम उलगडत बसता.

अॅपमध्ये 'लेटेस्ट हँडशेक' दिसतं का बघा. दिसत नसेल तर गडबड बाहेर आहे: पत्ता, पोर्ट, सीजीनॅट किंवा चावी चुकीची चिकटवली. दिसतंय पण पीसी सापडत नाही, तर गडबड आत आहे: फॉरवर्डिंग, फायरवॉल, मालिका. पिंग जात नाही म्हणून घाबरू नका, विंडोजची फायरवॉल बऱ्याचदा पिंग अडवते आणि रिमोट डेस्कटॉप मात्र चालतो. थोडा वेळ शांत बसलं की लाईन तुटते अशी तक्रार आली तर 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ ठेवा.

लाईट गेल्यावरचं बघितलंय का? आमच्याकडे रात्री लाईट गेली, पहाटे आली, राउटर इन्व्हर्टरवर चालू, डबा मात्र बंद. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू हो अशी सेटिंग असते, ती लावा. वायरगार्डही बूट होताना सुरू होईल असं करा. टॅलीच्या पीसीची झोप म्हणजे स्लीप मोड कायमचा बंद.

बॅकअपच्या आता दोन हार्ड डिस्क आहेत. एक आज लावलेली, दुसरी घरी कपाटात, दर शनिवारी अदलाबदल. सहा महिन्यांतून एकदा त्यातला डेटा दुसऱ्या पीसीवर उघडून बघतो.

आणि काउंटरच्या ड्रॉवरमध्ये एक वही आहे. त्यात कोणाचा लॅपटॉप, नळीतला कुठला पत्ता, चावीची पहिली सहा अक्षरं आणि दिलेली तारीख. मागच्या मे महिन्यात सेल्सच्या पोराने दुसरीकडे नोकरी धरली. चांगला मुलगा, भांडण काही नाही, हिशेब करून पेढे देऊन गेला. तो गेटबाहेर पडायच्या आत मी डब्यावरून १०.६६.०.१२ चा भाग काढला आणि वहीत त्या ओळीवर रेघ मारली. ताई बघत होत्या. म्हणाल्या, "दादा, इतका अविश्वास?" मी म्हटलं, "ताई, शटरची किल्ली पण घेतलीच की त्याच्याकडून."